जाळीत बसवलेलं एन्झाइम खरंच टिकतं का? पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात 'मॉफमधलं एन्झाइम' हा विषय हाती आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मॉफ म्हणजे धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू एकमेकांत गुंफून तयार झालेली, आतून पोकळ अशी स्फटिकी जाळी. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना याच जाळ्यांच्या कामासाठी मिळालं.

एन्झाइम जाळीत बसवणं फारसं अवघड नाही. दोन नितळ द्रावणं मिसळायची, पांढरा गाळ येतो, तो धुवायचा. अवघड आहे ते त्यानंतरचं. 'स्थिरता वाढली' असं वहीत लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे हवीत: कशापुढे टिकलं, कुणाच्या तुलनेत टिकलं, आणि मोजत होतात त्या क्षणी एन्झाइम जाळीच्या आत होतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. खालच्या पायऱ्यांमध्ये मी बनवण्यापेक्षा मोजण्यावर जास्त रेंगाळलो आहे ते त्यामुळेच.

उदाहरण म्हणून जाळी घेऊ झिफ-८ आणि एन्झाइम घेऊ कॅटालेज, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करणारं एन्झाइम.

आधी मापं डोक्यात बसवा

झिफ-८ मध्ये जस्ताचे आयन आणि २-मिथाइलइमिडाझोल असतं. आतल्या पोकळीचा व्यास ११.६ अँगस्ट्रॉम आणि त्या पोकळीत शिरायची खिडकी ३.४ अँगस्ट्रॉम. आता कॅटालेज बघा. गाईच्या यकृतातलं कॅटालेज चार साखळ्यांचं, सुमारे २५० किलोडाल्टनचं आणि आकाराने साधारण १० नॅनोमीटर, म्हणजे १०० अँगस्ट्रॉम. ते त्या पोकळीत मावणं शक्यच नाही. मग 'एन्झाइम छिद्रात बसतं' या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. होतं असं की एन्झाइमच्या भोवती जाळी वाढत जाते आणि ते तिच्यात बंद होतं. मधमाशीच्या पोळ्यात मध भरतात तसं हे नाही. सारणाभोवती मोदकाची पारी मिटावी तसं आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जाळी शाबूत आहे तोवर एन्झाइम बाहेर पडू शकत नाही. दोन, ज्या रेणूवर एन्झाइमने काम करायचं तो रेणू खिडकीतून आत जाण्याइतका लहान हवा. हायड्रोजन पेरॉक्साइड आरामात जातो, म्हणून सुरुवातीला कॅटालेज सोयीचं. झिफ-८ मधले इमिडाझोल थोडे हलतात, त्यामुळे खिडकी कागदावरच्या मापापेक्षा जरा मोठं काही आत घेते. पण जाडजूड रंगद्रव्य वापरून जोरदार ॲक्टिव्हिटी (एन्झाइमच्या कामाचा वेग) दिसली तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. तो रंग पृष्ठभागावर चिकटलेल्या एन्झाइमने आणलेला असू शकतो, नाहीतर मोडक्या जाळीतून आलेला.

दुसरी पद्धतही आहे: मोठ्या छिद्रांची जाळी आधी बनवायची आणि मग तिला एन्झाइमच्या द्रावणात भिजवायचं. झिर्कोनियमच्या एनयू-१००० मध्ये सुमारे ३ नॅनोमीटर रुंद नळ्या असतात, पीसीएन-३३३ मध्ये ५.५ नॅनोमीटरपर्यंतचे पिंजरे. अशा जाळ्या डायमिथाइलफॉर्मामाइडसारख्या द्रावकात, बऱ्याच तापमानाला बनतात, त्यामुळे एन्झाइम नंतरच घालावं लागतं. आणि ज्या वाटेने ते आत गेलं त्याच वाटेने बाहेरही येऊ शकतं. नवख्याने तिकडे नंतर वळावं.

पायरी १: मोकळं एन्झाइम आधी मोजा

जाळीचा विचार करण्याआधी एक आठवडा नुसत्या कॅटालेजला द्या. पेरॉक्साइड २४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. त्याचा मोलर गुणांक ४३.६, म्हणजे १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये १० मिलिमोलर पेरॉक्साइडचं रीडिंग साधारण ०.४४ यायला हवं. बाटलीतलं ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड सुमारे ९.८ मोलर असतं, तेव्हा १० मिलिमोलरसाठी जवळजवळ हजारपट पातळ करायचं. बाटली जुनी असेल तर हा आकडा बदललेला असतो, म्हणून दर वेळी २४० ला तपासून घ्या. पेरॉक्साइड जास्त वापरलं तर वेगळी पंचाईत: कॅटालेज स्वतःच्याच खाद्याने निकामी होऊ लागतं.

तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन ताज्या द्रावणांवर एकच ॲक्टिव्हिटी येते आहे ना ते बघा. तुमच्याच हातच्या रीडिंगमध्ये २० टक्क्यांचा फरक पडत असेल, तर पुढे जाळीने दिलेल्या १५ टक्के फायद्याला काहीच किंमत नाही.

पायरी २: बीएसएवर हात बसवा

कॅटालेज महाग. सरावासाठी बीएसए घ्या, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. स्वस्त आणि सोशिक.

ऑस्ट्रेलियात कांग लियांग, ख्रिश्चन डूनन, पाओलो फाल्कारो आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं की साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, प्रथिनाच्या भोवती झिफ-८ वाढतं. शंख-शिंपल्यांत प्रथिनांच्या आधाराने खनिज वाढतं तशीच ही वाढ, म्हणून तिला जैवअनुकारी खनिजीकरण म्हणतात. प्रथिनाच्या ऋण भारामुळे जस्ताचे आयन त्याच्याभोवती गोळा होतात आणि स्फटिकाची सुरुवात तिथेच होते.

सुरुवातीची मापं अशी घ्या. २-मिथाइलइमिडाझोल १६० मिलिमोलर, १० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे सुमारे १३१ मिलिग्रॅम. झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ४० मिलिमोलर, १० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे ८८ मिलिग्रॅम. बीएसए १० ते २० मिलिग्रॅम, इमिडाझोलच्या द्रावणात. दोन्ही एकत्र ओता, दहा-बारा सेकंद हलवा आणि स्थिर ठेवून द्या. बघता बघता दुधाळ होतं. रात्रभर ठेवायला हरकत नाही. याच मापाची दुसरी ट्यूब बीएसए न घालता करा. ती बराच वेळ नितळ राहिली किंवा तिच्यात फारच कमी गाळ आला, तर प्रथिनाने स्फटिकाला चालना दिली हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत.

सगळं जस्त झिफ-८ मध्ये गेलं असं धरलं तरी या मापात ९१ मिलिग्रॅमच्या वर जाळी मिळणार नाही. आणि एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची बांधणी तपासण्यासाठी, काही मिलिग्रॅम बाजूला काढावी लागतात. त्यामुळे पहिल्यापासून दुप्पट-तिप्पट बॅच करा.

हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. २-मिथाइलइमिडाझोल त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतं. शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते '२ब' गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, जस्ताच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करा.

सगळीच प्रथिनं बीएसएसारखी वागत नाहीत. बीएसएचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रथिनाचा एकूण भार शून्य होतो तो) ४.७ च्या आसपास, म्हणून ते या द्रावणात चांगलंच ऋणभारित असतं. लायसोझाइमचा ११ च्या आसपास, त्यामुळे त्याच्याभोवती जस्त गोळा होत नाही आणि गाळ नीट येत नाही. तुमचं एन्झाइम असं असेल तर त्याच्या पृष्ठभागावरचे अमाइन गट सक्सिनाइलेशनने झाकून भार उलटवता येतो. मात्र मग तुलनेसाठीचं मोकळं एन्झाइमही सक्सिनाइलेशन केलेलंच घ्यायचं.

पायरी ३: कॅटालेज घाला, आणि पीएच विसरू नका

इमिडाझोलच्या १६० मिलिमोलर द्रावणाचा पीएच किती असेल? त्याचा पीकेए ७.९ च्या आसपास धरून हिशेब केला की उत्तर साडेदहाच्या घरात येतं. एवढ्या अल्कलीत अनेक एन्झाइम हळूहळू उलगडायला लागतात. सकाळी एन्झाइम इमिडाझोलमध्ये विरघळवून दुपारी जस्त घालायचं, असं केलंत तर जाळीला दोष देऊ नका.

क्रम असा ठेवा: एन्झाइमचं घट्ट द्रावण वेगळं, बर्फावर. इमिडाझोलमध्ये ते अगदी शेवटी घालायचं आणि लगेच जस्त ओतायचं. सोबत दोन कंट्रोल ट्यूब चालवा. एकीत तेवढंच इमिडाझोल आणि एन्झाइम, पण जस्ताऐवजी पाणी. दुसरीत जस्त आणि एन्झाइम, पण इमिडाझोल नाही. जाळी बनताना किती नुकसान झालं आणि ते कुणामुळे, हे या दोन ट्यूबशिवाय कधीच कळणार नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण यात मुलं निराश होतात. झिफ-८ मधलं कॅटालेज बहुधा जवळजवळ निष्क्रिय दिसतं. हातून चूक झाली असं समजू नका. झिफ-८ आतून पाणी नाकारणारी जाळी आहे आणि कॅटालेजला ते मानवत नाही. २०१९ साली हे नीट तुलना करून दाखवलं गेलं: तेच कॅटालेज झिफ-९० आणि एमएएफ-७ या पाणी मानवणाऱ्या जाळ्यांत काम करतं. झिफ-९० साठी इमिडाझोल-२-कार्बाल्डिहाइड लागतं. ते गार पाण्यात सहज विरघळत नाही, कोमट करून विरघळवावं लागतं, आणि द्रावण पुरतं गार झाल्यावरच एन्झाइम घालायचं. म्हणून माझा सल्ला असा: तंत्र झिफ-८ वर शिका, कॅटालेजची स्थिरता झिफ-९० मध्ये मोजा आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवा. एकाच एन्झाइमचं दोन जाळ्यांत काय होतं हे दाखवणारा प्रोजेक्ट मला केव्हाही जास्त मोलाचा वाटतो.

पायरी ४: धुणं, आणि आत किती, बाहेर किती

गाळ सेंट्रिफ्यूज करून खाली बसवा. वरचं पाणी फेकू नका, त्यात किती प्रथिन उरलं ते मोजायचं आहे. घातलेल्यातून उरलेलं वजा केलं की गाळात गेलेलं मिळतं. पण त्या पाण्यात इमिडाझोल भरपूर असतं आणि ते प्रथिनाच्या रंगचाचण्यांमध्ये ढवळाढवळ करतं. स्टँडर्ड कर्व्ह नुसत्या पाण्यात काढू नका, त्याच प्रमाणात इमिडाझोल असलेल्या पाण्यात काढा. ही एक गोष्ट केली नाही तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, कारण पुढचं सगळं 'दर मिलिग्रॅम एन्झाइममागे' असणार आहे.

गाळात गेलेलं सगळं एन्झाइम जाळीच्या आत असतं असंही नाही. बरंच पृष्ठभागावर चिकटतं. ते काढायला एसडीएस हा डिटर्जंट वापरतात, बऱ्याचदा १० टक्क्यांचं द्रावण. त्यानंतर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, फेस पूर्ण जाईपर्यंत. एसडीएस मागे राहिलं तर पुढे जाळीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक एन्झाइमला तेच मारेल आणि तुम्ही त्याचा अर्थ भलताच लावाल.

बाहेरचं एन्झाइम गेलं का हे तपासायची युक्ती एन्झाइमनेच दिली आहे. प्रोटिनेज के हे प्रथिन तोडणारं एन्झाइम सुमारे २९ किलोडाल्टनचं, ते खिडकीतून आत जाऊच शकत नाही. धुतलेल्या पावडरवर ते घाला. ॲक्टिव्हिटी धाडकन खाली आली तर जेवढी आली तेवढी पृष्ठभागावरची होती. बोस्टन कॉलेजमधल्या चिया-कुआंग त्सुंग यांच्या गटाने आणि तैवानमधल्या सहकाऱ्यांनी २०१५ साली झिफ-९० मधल्या कॅटालेजवर हाच प्रयोग केला. मोकळं कॅटालेज प्रोटिनेज के पुढे हरलं, जाळीतलं वाचलं. फ्लुरोसंट रंग जोडलेलं प्रथिन घेऊन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली बघणंही चांगलं, पण त्याची सोय नसली तर प्रोटिनेज केवर भागतं.

पायरी ५: पांढरी पावडर म्हणजे झिफ-८ नव्हे

पावडर एक्सआरडीला द्या. तांब्याच्या नळीवर झिफ-८ ची ओळखीची शिखरं टू-थीटा ७.३, १०.४, १२.७ आणि १८ अंशांच्या आसपास येतात. आपल्याकडे मुंबईत आयआयटीच्या आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या सैफ केंद्रात (महागड्या उपकरणांच्या सामायिक सुविधेत) बाहेरच्या संस्थांचे नमुने पैसे भरून मोजून मिळतात. रांग असते, म्हणून नमुने आधीच पाठवा.

त्याच जस्त-इमिडाझोलमधून वेगळीच बांधणीही बनते. इमिडाझोल कमी असलं किंवा गाळ पाण्याने फार धुतला, तर 'डाया' नावाची दाट, छिद्रं नसलेली बांधणी येऊ शकते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला तर कार्बोनेट असलेली झिफ-सी. कधी नुसता आकारहीन गाळ. इथेनॉलने धुतलं तर बऱ्याचदा नेहमीची सोडालाइट बांधणी मिळते, पण इथेनॉल तुमच्या एन्झाइमला चालतो का ते मोकळ्या एन्झाइमवर आधी बघा. या प्रत्येक बांधणीत एन्झाइम वेगळं वागतं आणि वेगळ्या वेगाने सुटतं. दोन बॅचचे निकाल जुळत नसतील तर पहिला संशय इथे घ्या.

पायरी ६: बफर

या विषयातला सर्वांत खोल खड्डा हाच, आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. कॅटालेज मोजायची पाठ्यपुस्तकातली पद्धत ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७ ला चालते. आम्ही तीच वापरली. जाळीतल्या एन्झाइमची ॲक्टिव्हिटी दर दहा मिनिटांनी वाढत होती. दोन महिने आम्ही त्याची कारणं शोधत होतो, 'जाळी एन्झाइमला चालना देते' इथपर्यंत पोचलो होतो. मग सेंट्रिफ्यूज करून वरचं नितळ पाणी तपासलं. सगळी ॲक्टिव्हिटी तिथे होती. फॉस्फेट जस्ताला धरतं, झिंक फॉस्फेट तयार होतं आणि झिफ-८ विरघळत जातं. आम्ही मोकळं झालेलं एन्झाइम मोजत होतो.

तेव्हा फॉस्फेट नको, पीबीएस (फॉस्फेटचंच खारं बफर) नको. सायट्रेट नको, धातूचे आयन घट्ट धरणारं ईडीटीए तर नकोच. बायकार्बोनेटही टाळा. पीएच ६ च्या खाली झिफ-८ टिकत नाही. हेपीस किंवा मॉप्स घ्या, ते जस्ताला फार कमी धरतात. ट्रिस त्यांच्यापेक्षा जास्त धरतं, वापरायचंच तर कमी तीव्रतेचं. नुसत्या पाण्यातही, पावडर अगदी थोडी आणि पाणी भरपूर असेल तर जाळी हळूहळू झिजते.

त्यामुळे ज्या बफरमध्ये प्रयोग करणार त्यात, प्रयोगाच्याच तापमानाला, तेवढाच वेळ पावडर ठेवून द्या. मग खाली बसवा. वरच्या पाण्यात ॲक्टिव्हिटी मोजा, प्रथिन मोजा, जमल्यास जस्तही मोजा. खालची पावडर पुन्हा एक्सआरडीला द्या. वरच्या पाण्यात काहीच सापडलं नाही तरच पुढची पायरी.

जाळी विरघळते ही अडचण एका ठिकाणी मात्र कामाला येते. बंद एन्झाइम निष्क्रिय दिसलं, तर ते मेलं आहे की नुसतं कोंडलं आहे? पीएच ७ च्या ईडीटीएने जाळी मुद्दाम विरघळवा आणि सुटलेलं एन्झाइम मोजा. ॲक्टिव्हिटी परत आली तर ते जिवंत होतं, खाद्य पोचत नव्हतं किंवा जाळीत त्याला हलता येत नव्हतं. नाही आली तर बनवतानाच गेलं. तुलनेसाठी मोकळ्या एन्झाइमलाही तेवढंच ईडीटीए, जस्त आणि इमिडाझोल द्या.

पायरी ७: उष्णतेपुढे स्थिरता

आता खरं मोजणं. पण त्याआधी एक तांत्रिक अडचण सोडवायला हवी. पावडरचं दुधाळ द्रावण क्युव्हेटमध्ये घालून २४० ला मोजू नका. कण प्रकाश विखुरतात, आणि कण तळाशी बसू लागले की रीडिंग आपोआप उतरतं. ते हुबेहूब पेरॉक्साइड संपत असल्यासारखं दिसतं! प्रक्रिया ढवळत्या ट्यूबमध्ये चालू ठेवा, ठरलेल्या सेकंदाला थोडं काढा, ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं मोजा. कण फार बारीक असतील तर फिल्टरमधूनही जातात, मग झटपट सेंट्रिफ्यूज करा. एन्झाइम नसलेली रिकामी जाळी याच रीतीने मोजून तो तुमचा ब्लँक धरा. तुम्ही एस्टर तोडणारं लायपेज वापरत असाल तर रिकाम्या जाळीचं रीडिंग विशेष जपून घ्या, कारण झिफ-८ स्वतःच पॅरा-नायट्रोफिनाइल एस्टर थोडे तोडतं. लोखंडाच्या जाळ्या पेरॉक्सिडेजसारखं काम करतात, तिथेही तेच.

तापमान असं निवडा की मोकळं एन्झाइम साधारण अर्ध्या तासात बरंचसं मरेल. फार कमी तापमानाला दोन्ही टिकतात, फार जास्तीला दोन्ही जातात, फरक दिसत नाही. बफर आधीच गरम करून ठेवा, कारण जाड ट्यूब तापायला दोन-तीन मिनिटं घेते आणि पहिला बिंदू वाया जातो. ०, ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांना काढून लगेच बर्फात टाका. मोजणी सगळ्यांची एकाच तापमानाला करा. दोन्हीकडे एन्झाइमचं वजन सारखं ठेवा, पावडरचं नव्हे.

उरलेल्या ॲक्टिव्हिटीचा नैसर्गिक लॉग घेऊन वेळेसमोर मांडा. सरळ रेघ आली तर ०.६९३ भागिले उतार म्हणजे अर्धायुष्य. मोकळ्याचा उतार मिनिटाला ०.०६९ आला असं मानू, तर अर्धायुष्य १० मिनिटं. बंद केलेल्याचा ०.०११५ आला तर तासभर. रेघ सरळ न येता आधी झपकन खाली आणि मग जवळजवळ आडवी आली, तर तुमच्याकडे दोन प्रकारचं एन्झाइम आहे: काही पृष्ठभागावरचं किंवा अर्धवट झाकलेलं, काही नीट बंद. जबरदस्तीने एकच रेघ ओढू नका, तो वाकच तुम्हाला काही सांगतो आहे.

टक्केवारीबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. अहवालांत सर्रास असं दिसतं: 'एका तासानंतर मोकळ्याची ३० टक्के, बंद केलेल्याची ९० टक्के ॲक्टिव्हिटी शिल्लक.' ऐकायला छान. पण ही टक्केवारी प्रत्येकाच्या स्वतःच्या सुरुवातीची आहे. समजा मोकळ्याने १०० एककांनी सुरुवात केली आणि बंद केलेल्याने २० ने. तासाभराने मोकळ्याकडे ३० एककं आहेत आणि बंद केलेल्याकडे १८. म्हणजे त्या क्षणी अजूनही मोकळंच पुढे आहे! बंद केलेलं पुढे जाईल, पण नंतर. ते 'नंतर' कधी येतं हा आकडा खरा उपयोगाचा. म्हणून आलेखात नेहमी एककं द्या, टक्के हवे तर शेजारी.

आणखी एक फसवणूक जास्त सूक्ष्म आहे. जाळीतून पेरॉक्साइड आत पोचायला वेळ लागत असेल, तर प्रक्रियेचा वेग त्या पोचण्यावर अवलंबून असतो, एन्झाइमच्या संख्येवर नाही. चिंचोळ्या बोळात रांग लागली असेल तर आत चार खिडक्या चालू आहेत की दोन, याने रांगेचा वेग बदलत नाही. अशा वेळी आतलं निम्मं एन्झाइम उष्णतेने मेलं तरी मोजलेला वेग तसाच राहतो आणि तुम्ही लिहिता 'अतिशय स्थिर'. तपासायचं कसं? निम्मं एन्झाइम भरलेली आणि पूर्ण भरलेली अशा दोन बॅच करा, कण सारख्याच आकाराचे येतील असं बघा. भरण दुप्पट करूनही ॲक्टिव्हिटी दुप्पट होत नसेल, तर तुम्ही बोळ मोजता आहात. मग उष्णता दिल्यानंतर जाळी ईडीटीएने सोडवून आतलं एन्झाइम थेट मोजणं हाच प्रामाणिक मार्ग.

पायरी ८: युरिया, द्रावक आणि इतर हल्ले

उष्णतेनंतर निदान एक वेगळ्या जातीचा हल्ला करून बघा, कारण प्रत्येकापुढे जाळी वेगळ्या कारणाने उभी राहते. प्रोटिनेज के आत येऊच शकत नाही, तिथे खिडकी वाचवते. युरिया लहान, तो आत येतो. तरीही त्सुंग यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं की जाळीत वाढलेलं कॅटालेज ६ मोलर युरियातही काम करत राहतं. म्हणजे तिथे खिडकीचा काही संबंध नाही. एन्झाइमच्या अंगाला घट्ट बसलेल्या भिंती त्याला उलगडायला जागाच देत नाहीत. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर निरीक्षण वाटतं, आणि स्वतःच्या हाताने करून बघण्यासारखं आहे.

द्रावकांचं धाडस आणखी मोठं. २०१५ च्या त्याच ऑस्ट्रेलियातल्या कामात हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज झिफ-८ मध्ये बंद करून उकळत्या पाण्यात आणि उकळत्या डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये, म्हणजे १५३ अंश सेल्सिअसला, तासभर ठेवलं होतं आणि त्यानंतरही ते काम करत होतं. पण असा निकाल तुमच्याकडे आला तर लगेच वरची सगळी कंट्रोल पुन्हा लावा.

पायरी ९: पुन्हा वापर आणि साठवण

पुन्हा वापराचे आलेख जपून काढा. प्रत्येक सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी पावडर हरवते. दहा फेऱ्यांनंतर ॲक्टिव्हिटी ७० टक्के उरली, त्यात एन्झाइम किती मेलं आणि पावडर किती सांडली हे वेगळं करायला हवं. शेवटच्या फेरीनंतर उरलेली पावडर वाळवून तोला, किंवा आम्लात विरघळवून जस्त मोजा. प्रत्येक फेरीचं वरचं पाणी ताज्या पेरॉक्साइडवर टाकून बघा, त्यात काही गळलं नाही ना.

साठवणीसाठी तीन ट्यूब ठेवा: फ्रीजमध्ये, खोलीत बफरमध्ये, आणि खोलीत वाळवलेल्या पावडरीच्या रूपात. तुलनेला मोकळं एन्झाइमही वाळवलेलंच हवं. द्रावणातल्या मोकळ्याशी वाळवलेल्या बंदची तुलना केली तर वाळवण्याचं श्रेय जाळीला जातं. खोलीचं तापमान रोज लिहा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला 'खोलीचं तापमान' म्हणजे पुस्तकातले २५ अंश नव्हेत. खरं तर बर्फाविना पाठवता येणाऱ्या निदान-पट्ट्या हा या संशोधनाचा एक मोठा हेतू आहे, तेव्हा तिथली खोली हीच योग्य कसोटी.

वहीत प्रत्येक बॅचसमोर एवढं असू द्या: इमिडाझोल-जस्त प्रमाण, कशाने धुतलं आणि किती वेळा, एक्सआरडीची बांधणी, एन्झाइमचं भरण, कोणता बफर, त्या बफरमध्ये वरच्या पाण्यात काय सापडलं, आणि सुरुवातीची ॲक्टिव्हिटी एककांत. प्रत्येक मोजणी तीन स्वतंत्र बॅचवर करा. एकाच बॅचमधून तीनदा पिपेट केलं तर त्यातून फक्त तुमच्या पिपेटची अचूकता कळते. पहिल्या बॅचला आजच सुरुवात करायची असेल तर बीएसएच्या दोन ट्यूब लावा, एक प्रथिनासह आणि एक प्रथिनाविना, आणि पहिला अर्धा तास त्यांच्यासमोर बसून राहा.